उतरताना इंजिन गचके खातं, जमिनीवर मात्र ठणठणीत: कोकणातला कार्ब आईस

मंडळी, प्रॉब्लेम आधी नीट मांडतो, कारण हाच प्रॉब्लेम वेगवेगळ्या शब्दांत परत परत ऐकायला मिळतो. जुनं, घरी बांधलेलं विमान, छोटं कॉन्टिनेंटल इंजिन. टेकऑफ मस्त, वर गेल्यावर मस्त, किनाऱ्याने लांबवर फिरून आलं तरी कुरकुर नाही. मग सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या ठरलेल्या फेरीत) येऊन थ्रॉटल मागे घेतला, बेसला (उतरायच्या आधीच्या आडव्या टप्प्याला) वळलं, आणि इंजिन गचके खायला लागतं, थ्रॉटल पुढे ढकलला तर उचल घेत नाही, गुदमरल्यासारखं करतं आणि मग कधीतरी एकदम सुटतं. कसंबसं उतरून शेडपर्यंत यायचं, काउलिंग उघडायचं, सगळं हलवून बघायचं, परत स्टार्ट करून रनअप (जमिनीवर उभ्यानेच इंजिन चढवून तपासणी) घ्यायचा तर आरपीएम पूर्ण, दोन्ही मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारे) ठीक, तेलाचं प्रेशर ठीक. आमच्या शेडवर मदतीला असतो तो पोरगा प्रत्येक वेळी सांगतो, "इंजिनाक काय्येक झाला नाय." आणि तो बरोबरच सांगतो, तोवर इंजिनात खरंच काही उरलेलं नसतं. पुढच्या रविवारी परत तेच.

आमचं विमान पिटेनपोल एअर कॅम्पर. अमेरिकेत मिनेसोटामधल्या बर्नार्ड पिटेनपोल या माणसाने १९२९ साली फोर्ड मॉडेल ए गाडीचं इंजिन लावून हे उडवलं. लाकडी सांगाडा, वरून कापड, पंख डोक्यावर, एकामागे एक दोन उघड्या सीटा. नंतर बऱ्याच जणांनी त्याच्यावर कॉन्टिनेंटल ए-६५ बसवलं, ६५ हॉर्सपॉवर २३०० आरपीएमला, आमच्यावर पण तेच आहे. काकांनी प्लॅनवरून बांधलेलं आहे, एकेक रिब त्यांच्या हातची, त्यामुळे हे विमान कुठल्यातरी माळावर बंद इंजिन घेऊन उतरवायची वेळ यावी असं कोणालाच वाटत नाही. आणि आमच्याकडे माळ म्हणजे सडा, जांभ्याचे दगड वर आलेले, बाकी सगळी काजू-आंब्याची कलमं. इंजिन बंद पडलं तर निवडायला जागा कमी, म्हणून हे एवढं सविस्तर लिहितोय.

तर उत्तर बर्फ. कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बमध्ये, थ्रॉटलच्या पाकळीवर आणि तिच्या आजूबाजूला बर्फ धरतो, हवा जायची वाट बारीक होते, मिश्रण बिघडतं. उतरल्यावर काउलिंग उघडेपर्यंत इंजिनच्या उष्णतेने तो वितळून गेलेला असतो, म्हणून पुरावा सापडत नाही. कोकणात बर्फ म्हटल्यावर लोक हसतात, इथे आपण घामाने निथळतोय आणि हा बर्फाच्या गोष्टी सांगतोय, पण इथला दमटपणा हेच त्याचं मूळ कारण आहे.

हातावर स्पिरिट लावलं की गार लागतं ना, तसंच कार्बमध्ये पेट्रोलचं होतं. पेट्रोलची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, त्यात व्हेंच्युरीत (कार्बच्या अरुंद गळ्यात) आणि अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलपाशी हवेचा दाब कमी होतो त्याने अजून गारवा. दोन्ही मिळून आत तापमान बाहेरच्यापेक्षा ३० अंश सेल्सिअस किंवा त्याहून पण जास्त खाली जाऊ शकतं. म्हणजे बाहेर २६ असेल तर आत शून्याच्या खाली. आता हवेत पाणी किती ते बघा. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. आपलं इंजिन २.८ लिटरचं, क्रूझला मिनिटाला दोनेक घनमीटर हवा ओढतं असं धरा, म्हणजे दर मिनिटाला चाळीस-पन्नास ग्रॅम पाणी त्या छोट्याशा पाकळीवरून जातंय. त्यातलं थोडं जरी गोठून चिकटलं तरी पुरे. उलट उणे १५ अंशाच्या कडाक्यात हवेत दोन ग्रॅमही पाणी नसतं, त्यामुळे तिथे कार्बमध्ये गोठायला फारसं काही नसतंच.

ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीच्या पिस्टन इंजिन आयसिंगवरच्या पत्रकात लिहिलेलं आहे की उतरतीच्या पॉवरला बाहेर २५ अंशाच्या वर आणि आर्द्रता फक्त ३० टक्के असताना सुद्धा टेस्ट फ्लाइटमध्ये गंभीर आयसिंग झालं. क्रूझ पॉवरला २० अंश आणि ६० टक्क्यांच्या वर. अमेरिकेच्या एफएएचं हँडबुक म्हणतं की सगळ्यात जास्त शक्यता २१ अंशाच्या खाली आणि ८० टक्क्यांच्या वर, पण ३८ अंशापर्यंत पण होऊ शकतं. आता आपली डिसेंबर-जानेवारीची सकाळ डोळ्यासमोर आणा, अठरा-वीस अंश, पंखाच्या कापडावरून दंव ओघळतंय, गवतातून चाललं तर पँट गुडघ्यापर्यंत ओली. किंवा पाऊस सरल्यावरची ऑक्टोबरची पहिली उड्डाणं, हवा २६ आणि ड्यू पॉइंट (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दंव होतं तो) २४. दोन्ही वेळा आपण नेमके त्या चौकटीत बसलेले असतो.

त्यात कॉन्टिनेंटलची रचना. लायकमिंग या दुसऱ्या कंपनीच्या इंजिनात कार्ब तेलाच्या संपला (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीला) खालून घट्ट बसवलेला असतो, गरम तेलाची ऊब त्याला आपोआप मिळते. आपल्या छोट्या कॉन्टिनेंटलमध्ये कार्ब खाली वेगळा लटकलेला, ऊब जवळपास नाहीच. म्हणून शेजारच्याचं लायकमिंग त्याच हवेत गुपचूप चालतं आणि आपलं बोंबलतं, यात आपल्या इंजिनाचा दोष काढू नका, त्याला गरम हवा वेळेवर मिळायला हवी एवढंच.

पेट्रोलबद्दल थोडं. ए-६५ हे ७३ ऑक्टेनच्या जमान्यातलं इंजिन, त्यामुळे पंपावरचं पेट्रोल चालेल की असं कोणीतरी सांगतंच. पण आता पंपावर सगळीकडे ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते म्हणजे कार्ब अजून गार होणार, शिवाय ते हवेतलं पाणी पिऊन ठेवतं. आणि ज्यांच्या टाकीत बुचाच्या फ्लोटवर तार असलेला जुना गेज आहे त्यांनी हे नक्की वाचा: बुचावर शेलॅकचा थर असतो, शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतो, मग बूच फुगतं, गेज चुकीचं दाखवतो आणि तो चिकट गाळ खाली गाळणीत येऊन बसतो. इंडियन ऑइलने २०२२ पासून गुजरात रिफायनरीत १०० एलएल अ‍ॅव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) बनवायला सुरुवात केली, ते मिळवायला खटपट पडते, महाग पडतं, तरी माझं मत तेच वापरा. पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे का ते बघायचं असेल तर काचेच्या मापाच्या नळीत थोडं पाणी घ्या, रेघ मारा, वर पेट्रोल ओता, हलवा आणि स्थिर होऊ द्या. पाण्याची पातळी रेघेच्या वर चढली तर इथेनॉल आहे.

पण प्रत्येक गचका म्हणजे बर्फ असं पण नाही, आणि बर्फ समजून दुसरंच काही दुर्लक्षित राहिलं तर ते जास्त वाईट. दमट हवेत मॅग्नेटो आणि हार्नेस ओल धरतात, पण तेव्हा एकाच मॅगवर खडखड येते, दुसऱ्यावर टाकलं की इंजिन साफ चालतं, शिवाय ते सकाळी स्टार्ट केल्या केल्याच कळतं. बर्फ असेल तर मॅग बदलून काही फरक पडत नाही. दुसरं, टाकीचं हवेचं भोक. कुंभारीण माशी आपल्याकडे कुठलंही बोटाएवढं भोक सोडत नाही, पिटो ट्यूब, व्हेंट, इंजिनच्या ब्रीदरचा पाइप, चार दिवस विमान उभं राहिलं की आत चिखलाचं घर तयार. व्हेंट बंद असेल तर टेकऑफनंतर काही वेळाने, भर क्रूझमध्ये पॉवर हळूहळू जाते आणि उतरून झाकण उघडलं की सुस्स करून हवा आत ओढली जाते. तो आवाज आला तर बर्फाचा विषय बंद करा आणि व्हेंट साफ करा. तिसरं, पाणी. अर्धवट भरलेली टाकी रात्रभर ठेवली की आतल्या पत्र्याला दंव सुटतं, ते तळाशी जातं, म्हणून टाक्या संध्याकाळीच भरून ठेवायच्या आणि सकाळी विमान हलवायच्या आधी गॅस्कोलेटरमधून (पेट्रोलच्या गाळणीतून) नमुना काढायचा. पाण्याचा गचका बहुतेक वेळा रनअपला किंवा चढताना येतो, कधी यायचं ते काही ठरलेलं नसतं.

चौथं जरा बारीक आहे. ए-६५ वर बहुतेक स्ट्रॉमबर्ग एनए-एस३ कार्ब असतो, त्याला अ‍ॅक्सिलरेटर पंप (थ्रॉटल ढकलताच जादा पेट्रोल देणारा) नसतो. लांब ग्लाईडनंतर (थ्रॉटल मागे ठेवून खाली आल्यावर) थ्रॉटल झटक्यात पुढे मारला तर तो एक क्षण अडखळणारच, तो त्याचा स्वभाव आहे. दोन-तीन सेकंद मोजत थ्रॉटल पुढे न्या, तसं केल्यावर साफ उचललं तर काही बिघडलेलं नाही. हळू नेऊन पण गुदमरत असेल तर मग बर्फाकडे वळा.

खात्री करायची रीत सोपी आहे आणि ती हवेतच, उंची हातात असताना करायची. सरळ सपाट उड्डाण, थ्रॉटल हलवायचा नाही, आरपीएम बघून ठेवा. कार्ब हीट (एक्झॉस्टभोवतीची गरम हवा कार्बला देणारा नॉब) पूर्ण ओढा. आरपीएम पडेल, गरम हवा विरळ असते म्हणून. आता नजर गेजवर ठेवून थांबा. पडलेल्या जागीच स्थिर राहिला आणि हीट बंद केल्यावर मूळ जागी आला तर बर्फ नव्हता. पण पडून परत हळूहळू चढायला लागला, आणि हीट बंद केल्यावर आधीपेक्षा वर गेला, तर तेवढा बर्फ तुम्ही घेऊन फिरत होतात. फिक्स्ड (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) प्रॉपेलरवर ही खूण अगदी स्वच्छ दिसते. यात एक गोष्ट घाबरवते: बर्फ वितळून पाणी इंजिनात जातं तेव्हा गचके आधी वाढतात, खडखडाट होतो, आणि माणूस घाबरून हीट परत आत ढकलतो. ढकलायची नाही. अर्धा-एक मिनिट हे सहन करायचं, मग इंजिन साफ होतं.

आता मुख्य मुद्दा. बऱ्याच जणांना वरचं सगळं माहीत असतं, ते हीट ओढतात, तरी गचके येतात, मग म्हणतात बर्फ नाहीये, हीट ओढली होती ना. इथेच लोक परत प्लग आणि मॅगकडे वळतात आणि महिने जातात. हीटचा नॉब ओढला म्हणजे कार्बला गरम हवा मिळाली असं धरून चालू नका. नॉबपासून कार्बपर्यंत चार-पाच ठिकाणी ती अडू शकते आणि खाऱ्या हवेत त्या सगळ्याच जागा खराब होतात.

आमच्याकडे काय निघालं ते सांगतो. काका कॉकपिटमध्ये बसून नॉब ओढतायत, मी खाली आडवा होऊन टॉर्च मारून एअरबॉक्स (कार्बला थंड हवा जाईल की गरम ते झडपेने ठरवणारा डबा) बघतोय. नॉब पूर्ण बाहेर. बॉक्सवरचा लिव्हर साधारण अर्ध्यावर येऊन थांबला. काकांनी अजून जोर लावला तर लिव्हर जागचा हलला नाही, फायरवॉलच्या पुढे केबल मात्र धनुष्यासारखी वाकली. केबलचं बाहेरचं आवरण क्लॅम्पमधून सरकत होतं, आणि ते सरकत होतं कारण आतली झडप जड झालेली. बॉक्स अ‍ॅल्युमिनियमचा आणि झडपेची पिन साध्या लोखंडाची, दोन धातू एकत्र आणि वर समुद्राची हवा, पिनभोवती पांढरी भुकटी धरून ती घट्ट बसली होती. बोट घालून ढकलली तर करकरत फिरायची. म्हणजे हीट ओढल्यावर झडप अर्धी उघडी, अर्धी गरम हवा अर्धी थंड, आणि हे सगळ्यात घातक कारण जिथे हवा इतकी गार होती की पाणी आधीच गोठून कणकण होऊन निघून गेलं असतं तिथे अर्धवट उबेने ते नेमकं चिकटायच्या तापमानाला येतं. रनअपला आरपीएम थोडा पडतो, माणसाला वाटतं चालतंय.

म्हणून रनअपला आरपीएम पडतो का एवढंच बघू नका, किती पडतो ते बघा आणि लिहून ठेवा. प्रत्येक विमानाचा आकडा वेगळा, पण तुमच्या विमानाचा तोच राहायला हवा. गेल्या मोसमात १०० पडायचा आणि आता ४० पडतोय तर काउलिंग काढा. नॉब, केबल, क्लॅम्प, लिव्हर, झडप या क्रमाने एक माणूस वर एक खाली असं बघा. मग होस. एक्झॉस्टच्या मफपासून (पाइपभोवतीच्या पत्र्याच्या वेष्टणापासून) बॉक्सपर्यंत येणारी होस हाताने दाबत जा, चिरलेली, तार उघडी पडलेली, वळणावर चपटी झालेली सापडते. दोन थरांची होस असेल तर आतला थर सुटून हवा ओढली की मिटतो, बाहेरून काही दिसत नाही, म्हणून काढून आरपार बघा. मग मफ उघडा. आत उंदराने गवत भरलेलं असू शकतं, पत्रा गंजून भोकं पडलेली असू शकतात, आणि मुख्य म्हणजे आतल्या एक्झॉस्ट पाइपला चीर आहे का ते बघा, चिरेच्या कडेने राखाडी-पांढरा डाग उठतो. चीर असेल तर हीट ओढल्यावर जळका धूर इंजिनात जातो आणि गचके उलट हीटनेच येतात. पाइप बदलल्याशिवाय उडू नका.

आम्ही पिन स्टेनलेसची करून घेतली, केबलला नवीन क्लॅम्प, होस एका थराची. झडप आता बोटाच्या धक्क्याने टकटक करून दोन्हीकडे टेकते. हे सगळं लायसन्सवाल्या इंजिनिअरला दाखवून, लॉगबुकमध्ये नोंद करूनच करायचं, घरी बांधलेलं विमान असलं तरी.

आकड्यात खात्री हवी असेल तर मल्टिमीटरबरोबर मिळणारा थर्मोकपल वापरा. प्रोब बॉक्समध्ये असा बांधा की सुटून आत ओढला जाणारच नाही, चाकांना ठोकळे, शेपूट बांधलेली, आत जाणकार माणूस, आणि वायर प्रॉपेलरपासून लांब. क्रूझच्या जवळच्या आरपीएमला हीट बंद आणि चालू असताना तापमान किती ते लिहा. कारखान्यात बनलेल्या छोट्या विमानांसाठी अमेरिकेचा जुना नियम होता की अशा कार्बच्या इंजिनाला ७५ टक्के पॉवरवर साधारण ५० अंश सेल्सिअसची वाढ मिळाली पाहिजे. आपल्यावर तो बंधनकारक नाही पण लक्ष्य म्हणून उत्तम. दहा-पंधरा अंशच वाढत असेल तर गरम हवा कुठेतरी गळतेय. आणि हे लक्षात असू द्या की ग्लाईडमध्ये एक्झॉस्ट स्वतःच गार होतो, त्यामुळे जमिनीवर मिळालेला आकडा उतरताना मिळणार नाही.

म्हणूनच हीट थ्रॉटल मागे घ्यायच्या आधी ओढायची, एक्झॉस्ट अजून तापलेला असताना. डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेच्या टप्प्यात) पॉवर आहे तोवर पूर्ण बाहेर, अर्धी कधीच नाही, कार्बचं तापमान दाखवणारा गेज नसेल तर अर्ध्या हीटला काही अर्थ नाही. लांब ग्लाईड असेल तर मधे मधे थ्रॉटल सावकाश पुढे नेऊन इंजिन गरम करून घ्यायचं. गो-अराउंड करायचं (उतरणं सोडून परत वर जायचं) झालं तर आधी थ्रॉटल पूर्ण, मग लगेच हीट बंद, कारण हीटवर पॉवर कमी मिळते आणि ६५ घोड्यांतले सोडायला आपल्याकडे फार नाहीत. टॅक्सी करताना मात्र हीट ओढून ठेवू नका, ती हवा फिल्टरमधून येत नाही आणि सड्यावरची लाल धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. दंवाच्या सकाळी बराच वेळ आयडलवर उभं राहिलं असाल तर टेकऑफच्या आधी धूळ नसलेल्या जागी एकदा ओढून, इंजिन साफ करून, बंद करून मग निघा.

हवेचा अंदाज निघायच्या आधीच घ्या. दाबोळी विमानतळाचा मेटार (हवामानाचा ताजा अहवाल) मोबाईलवर दिसतो, त्यात तापमान आणि ड्यू पॉइंट असे दोन आकडे शेजारी असतात, २७/२४ असं काहीतरी. दोघांतला फरक पाचच्या आत आला की मी त्या दिवशी क्रूझमध्ये पण ठरावीक वेळाने हीट ओढून बघतो. सकाळी मतलई वारे असताना निघालं आणि परत येईपर्यंत खारे वारे सुरू झाले तर किनाऱ्याजवळ ड्यू पॉइंट वर चढलेला असतो, जाताना काही झालं नाही म्हणून येताना होणार नाही असं नाही. मे महिन्यात ३३-३४ अंशाला क्रूझमध्ये धोका कमी, पण बंद थ्रॉटलवर तेव्हा पण येतो.

आणि एवढं करून गचके राहिलेच तर इंजिनिअरकडे जाताना "उतरताना त्रास देतं" एवढंच सांगू नका, कागदावर लिहून न्या: बाहेरचं तापमान, ड्यू पॉइंट, उंची, त्या वेळचा आरपीएम, हीट कधी ओढली आणि त्यानंतर आरपीएम किती पडला, परत चढला का, कुठलं पेट्रोल होतं, आणि उतरल्यावर टाकीचं झाकण उघडताना आवाज आला का.